उजवा खांदा, अर्धा इंच

आत्या यायच्या असल्या की या घरातली माणसं तासभर आधीच ताठ बसायला लागत. आत्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. दोनशे मुलींवर बावीस वर्षं ‘पाठ सरळ!’ असं ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्या नुसतं ‘चहा टाक’ म्हणाल्या तरी समोरचा पोट आत घ्यायचा. शिलाई मशिनांच्या वाटणीवरून मागे जे रणकंदन झालं, त्यानंतर दीड वर्ष त्यांनी भावाच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. पण भाचीच्या पाठीचं कळलं आणि रुसवा संपला. पाठ हा त्यांचा विषय. त्यांना न विचारता कुणा डॉक्टरने त्यात तोंड घालावं, हेच मुळात त्यांना पटलं नव्हतं.

रविवारची दुपार होती. पुढे दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं आणि मागच्या खोलीत कापड कापायचं ते लांबलचक टेबल. याच टेबलावर हे घर कोट कापायचं, जेवायचं आणि एकमेकांची मापं काढायचं.

टोकाला मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे आजोबा, पण बायकोपासून नातीपर्यंत सगळ्यांनी त्यांना मास्तरच म्हटलं. वय एक्याऐंशी. कात्री मुलाच्या हातात देऊन सहा वर्षं झाली होती, तरी गिऱ्हाइकाचं माप अजून तेच घेत. त्यांच्या बाजूला त्यांचा शिंपी मुलगा, जो बहिणीसमोर कायम सुई पडल्यासारखा जमिनीकडे बघायचा. समोर त्याची बायको आणि तिचा थोरला भाऊ. हा मामा व्यायामशाळा चालवायचा. जगातलं कुठलंही दुखणं लोखंडी दांड्याला लटकलं की जातं, असं त्याचं ठाम मत होतं, आणि दांडा आपल्याकडेच आहे याचा त्याला फार आनंद होता.

आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती शिंप्याची मुलगी, लाडाने बटण, वय वर्षं आठ, पुढे दुकानात होती. ‘मोठ्यांचं चाललंय, तू बाहेर बस’ असं सांगून तिला डबाभर बटणं रंगाप्रमाणे लावायला दिली होती. मधे दार नव्हतं, पडदा होता. पडद्यातून आवाज जात नाही अशी मोठ्या माणसांची का कोण जाणे पक्की समजूत असते.

“हं, काय म्हणाला तो डॉक्टर?” आत्यांनी पर्स टेबलावर आपटली.

“बाई आहेत त्या,” बटणची आई म्हणाली. “शाळेत तपासणी होती. नर्सने सगळ्या मुलांना पुढे वाकायला लावलं, तेव्हा हिच्या पाठीची एक बाजू जरा वर दिसली. मग एक्स-रे काढला. कण्याला बाजूला बाक आहे, बारा अंशांचा. सौम्य म्हणतात त्याला. कशाने होतो ते सांगता येत नाही, पण कुणाच्या चुकीने होत नाही. आता सहा महिन्यांनी परत दाखवायचं. तोवर नुसतं लक्ष ठेवायचं. पळू दे, पोहू दे, काय हवं ते करू दे.”

“म्हणजे उपचार काय?”

“सध्या काही नाही.”

“काही नाही?” आत्यांनी मास्तरांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, छताकडेही पाहिलं. “काही न करायला एवढी शिकली ती?”

“बारा म्हणजे तसं काहीच नाही हो ताई,” मामा मधे पडला. “शंभरात बारा.”

“ते शंभरात नसतं, दादा.”

“मग कितीत असतं?”

“तीनशे साठात,” शिंपी हळूच म्हणाला. कॉलर कापताना गोलाशी त्याचा संबंध यायचा.

“मग तर आणखीच कमी झालं की! रोज वीस मिनिटं लटकवा तिला, सरळ होईल सुतासारखी.”

आईने कपाळाला हात लावला. चार दिवसांत तिने हीच माहिती अकरा जणांना सांगितली होती. शेजारीण म्हणाली, गादी बदला. ऑफिसातली म्हणाली, दप्तर बदला. एकीने तर डॉक्टर बदलायला सांगितलं, आणि तिची स्वतःची डॉक्टरशी कधी गाठ पडली नव्हती. आई एका लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात होती. दिवसभर अडकलेल्या माणसांचे फोन घ्यायचे आणि ‘माणूस निघालाय, दहा मिनिटांत पोचेल’ असं सांगायचं. आता अडकली ती होती. तिला कुणी दहा मिनिटं सांगितली नव्हती. सहा महिने सांगितले होते, आणि ते झाल्यावर कदाचित आणखी सहा महिने. मूल वाढतं तसा बाक वाढू शकतो, नाहीही वाढणार. वाढला तर पाठीला पट्टा. त्याच्यापुढचं तिने डॉक्टरांना विचारलंच नव्हतं.

“ते लटकवणं-बिटकवणं राहू दे,” आत्या म्हणाल्या. “मी सोय केलीये. आमच्या एका मुलीचे वडील ओळखतात त्यांना. हाडं बसवतात. तीन-तीन महिने नंबर लागत नाही त्यांचा, मला उद्या सकाळी दहाचा मिळालाय. दोन अंगठे लावतात मणक्यांवर, कट्‌ असा आवाज येतो, की संपलं.”

“काय संपलं?” आईने विचारलं.

“बाक!”

“ताई, तिचा कणा म्हणजे अडकलेला ड्रॉवर नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, कुणाला ओढाताण करू देऊ नका.”

“त्या सांगणारच. त्यांच्या हातून होत नाही ना.”

“ताई म्हणतेय तर दाखवून यायला काय हरकत आहे?” शिंपी टेबलाच्या कडेला म्हणाला. “बघतील फक्त.”

आईने त्याच्याकडे पाहिलं. तो इतक्या पटकन कधी बोलत नसे. शर्टाला खिसा कुठल्या बाजूला हवा हे ठरवायला त्याला अर्धा दिवस लागायचा.

“तुला आधीच माहीत होतं.”

“परवा फोन आला होता ताईचा. तू कामावर होतीस, म्हणून...”

“आणि तू हो म्हणालास.”

“नाही कुठे म्हणालो,” शिंपी म्हणाला, आणि ते खरंही होतं. जन्मात तो बहिणीला नाही म्हणाला नव्हता. एरवी ते फारसं महाग पडलं नव्हतं. दोन मशिनं गेली, एवढंच.

खरं सांगायचं तर त्या ‘कट्‌’चा आईलाही क्षणभर मोह झाला. एक आवाज व्हावा आणि संपावं. नुसतं वाट बघत बसायचं, दर वेळी पोर वाकली की छातीत धस्स व्हायचं, यापेक्षा कुणाचा तरी अंगठा बरा. पण तो अंगठा बटणच्या पाठीवर पडणार होता. तिने मनातल्या मनात त्या अंगठ्याखाली ती एवढीशी पाठ आणून पाहिली.

“उद्या कुणी कुठे जाणार नाही,” ती म्हणाली.

आत्यांना असं उत्तर वसतिगृहात मिळालं असतं तर त्या मुलीच्या घरी पत्र गेलं असतं. इथे पत्राची सोय नव्हती, म्हणून त्यांनी दुसरा रस्ता धरला.

“हे बघ, मी वाईटपणा घ्यायला घाबरत नाही. आलं कुठून हे, याचा विचार केलास? आमच्या घरात एक माणूस दाखव वाकडा. तुझी आई मात्र वाकून चालायची. मी स्वतः पाहिलंय लग्नात.”

“ती चप्पल शोधत होती!” मामा उसळला. “तुमच्याच बाजूच्या कुणीतरी पळवली होती!”

“आणि तुम्ही? तुम्ही सरळ आहात? डावीकडे झुकता तुम्ही चालताना.”

“ते स्नायू आहेत!”

“ताई, डॉक्टर म्हणाल्या कुणाच्या चुकीने...” आईने पुन्हा सुरुवात केली, पण दोन्ही बाजू आता रंगात आल्या होत्या. दीड वर्षाचा उपास फिटत होता.

“पुरावा आहे माझ्याकडे,” आत्या म्हणाल्या. “मास्तरांची वही आहे ना! या घरातल्या एकेका माणसाचं माप आहे तिच्यात, चाळीस वर्षांचं. लग्नाचे कपडे इथेच शिवले, तेव्हा यांच्याकडच्यांचीही मापं आहेत. काढा वही. बघू दे सगळ्यांना सरळ कोण आणि वाकडं कोण.”

मास्तर आतापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी चहाचा कप उचलला, रिकामा होता, तरी एक घोट घेतला.

“वही कशाला आता?” ते म्हणाले. “जुनी झाली. वाचता नाही येणार.”

“मला येतं तुमचं अक्षर.”

“वाळवी लागलीये.”

“काल तर तुम्ही त्यातूनच कोट सांगितलात,” शिंपी म्हणाला. या माणसाला नको तेव्हा बरोबर आठवायचं.

मास्तरांच्या पोटात काय चाललंय ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. शिंप्याचा धंदा म्हणजे नुसतं माप नव्हे. शंभरातली नव्वद माणसं कुठेतरी एकसारखी नसतात. एक हात लांब, एक खांदा पडका, पोट पुढे, मान आत. ते गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. सांगून होतं काय? तो जन्मभर आरशात तेवढंच बघत बसतो. मास्तर मापापुढे वहीत दोन अक्षरं लिहीत: ‘सां. घ्या.’ म्हणजे सांभाळून घ्या. खांद्यात अस्तराची एक घडी जास्त, बाही एका बाजूला पाव इंच तोकडी, की माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःवर खूश. साठ वर्षं त्यांनी अख्ख्या वस्तीला असं सांभाळून घेतलं होतं, आणि वस्ती समजत होती की आपण जन्मतःच देखणे आहोत.

आत्यांनी कपाटातून वही आणलीच. जाडजूड, पुठ्ठ्याची, कापडाच्या पट्टीने बांधलेली.

“हे बघा, मामा. लग्नाचा कोट.” त्यांनी विजयाने पान उघडलं. “छाती अडतीस. पोट चाळीस. सां. घ्या. स्नायू म्हणे!”

मामाने नकळत पोट आत घेतलं. “सां. म्हणजे काय?”

“म्हणजे सांभाळून घ्या. पोट दिसणार नाही असं शिवा.” आत्यांनी पुढची पानं चाळली. “आता आमची मंडळी बघा. हा माझा धाकटा भाऊ, काही शेरा नाही. सरळ. आमची आई, सरळ. मी...”

आणि आत्या थांबल्या.

बावीस वर्षांत त्यांना असं मधेच थांबलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मामाने वही ओढून मोठ्याने वाचलं, एकेक अक्षर चाटूनपुसून. “थोरली मुलगी. वय चौदा. डावा खांदा पाऊण इंच खाली. सां. घ्या. पुढच्या वर्षी, डावा खांदा पाऊण इंच, सां. घ्या. नोकरीचा पहिला कोट, पाऊण इंच... अहो ताई, पाऊण इंच! हिचा तर अर्धाच आहे!”

आत्यांचा हात आपसूक डाव्या खांद्याकडे गेला. तयार कपड्यांच्या दुकानात त्यांची आजवर चार भांडणं झाली होती. चारही वेळा त्यांनी कोट काउंटरवर फेकून ‘तुमचे कारागीर आंधळे आहेत, एक खांदा उतरतोय’ असं सुनावलं होतं. एकाला तर माफी लिहून द्यायला लावली होती. त्या माफीचा कागद अजून ड्रॉवरमध्ये होता.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, आणि तो आवाज रेक्टरचा नव्हता, “तुम्ही मला कधी बोलला नाहीत.”

“काय बोलायचं?” मास्तर म्हणाले. “चाळीस वर्षांत तुला कुणी वाकडी म्हटलं? एकाने तरी? माझ्या कापडाने म्हणू दिलं नाही.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि थोडी ऐटही होती.

कुणाला हसू येत होतं, कुणाला रडू. आईला दोन्ही आलं नाही. मामाच्या तोंडून निसटलेलं वाक्य तिच्या डोक्यात अडकलं होतं.

“दादा, तू अर्धा म्हणालास. अर्धा इंच. कुणाचा?”

मामाचं बोट अजून पुढच्या पानावर होतं. पानं उलटताना त्याने ते पाहिलं होतं आणि भांडणाच्या भरात बोलूनही गेला होता. आता त्याने वही मिटायचा प्रयत्न केला. आईने ती हिसकावून घेतली.

बटण. गणवेश. उजवा खांदा अर्धा इंच वर. सां. घ्या. तारीख गेल्या वर्षीची, शाळा सुरू व्हायच्या आधीची. खाली दुसरी नोंद, सहा महिन्यांनंतरची, स्वेटरची. अर्धा इंच. सां. घ्या. तिसरी नोंद दोन महिन्यांपूर्वीची, नव्या गणवेशाची.

“एक वर्ष,” आई म्हणाली. “मास्तर, एक वर्ष तुम्हाला माहीत होतं.”

“थोडासाच होता, पोरी. म्हटलं, वाढेल तसं जाईल.”

“आणि तू?” ती नवऱ्याकडे वळली. “गणवेश तू कापलास. तू वाचलंस हे.”

“वहीत होतं, म्हणून मी...” शिंपी पुन्हा जमिनीकडे बघू लागला. “वहीत असतं तसं मी करतो. एका बाजूला घडी जास्त घातली. नाव बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण ते माप होतं ना. मी माप म्हणून बघितलं.”

“आपली मुलगी आहे ती!”

“हो.”

“लिफ्ट बंद पडली तर आम्ही आत अडकलेल्या माणसाला सांगतो तरी, की लिफ्ट बंद पडलीये! तुम्ही दोघांनी त्याच्या हातात आरसा दिलात आणि वर म्हणालात, किती छान दिसताय! शाळेतल्या त्या अनोळखी नर्सने दोन मिनिटांत ओळखलं, आणि इथे घरात दोन-दोन शिंपी! वर्षभर तिच्या खांद्यावर अस्तर भरत बसलात. लाज नाही वाटली?”

मास्तरांना लाज वाटली होती. तिसऱ्या वेळी मापाची पट्टी लावताना त्यांनी ती परत परत लावून पाहिली होती, आणि पोरीने ‘मास्तर, गुदगुल्या होतात’ म्हटल्यावर हसून सोडून दिली होती. पण साठ वर्षांची सवय अशी, की जीभ उचलेचना. लिहायला हात मात्र चटकन गेला.

“मी एवढंच म्हणते,” आई म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला, “की मला सांगायचं होतंत. मी काही केलं नसतं कदाचित. डॉक्टरांनीही काही केलं नसतं. पण मी एकटी नसते ना पडले चार दिवस. मला वाटत होतं, मी आई असून मला दिसलं कसं नाही. दिसणार कसं? तुम्ही शिवूनच टाकलं होतंत!”

मग शिंप्याने पहिल्यांदाच मान वर केली, आणि बहिणीकडे न बघता म्हणाला, “ताई, उद्याचा नंबर रद्द कर. आम्ही नेणार नाही तिला.”

एरवी यावर पुढची दीड वर्षं गेली असती. पण आत्या आपल्याच खांद्यात हरवल्या होत्या. “तो माझ्या नावावर करता येईल का, बघते,” त्या म्हणाल्या, आणि खरोखर विचार करू लागल्या.

“बटण,” आईने हाक मारली. “आत ये.”

पडदा बाजूला झाला. बटण इतक्या पटकन आली, की ती बटणं लावत नव्हती हे उघड होतं. आईने तिला टेबलाजवळ उभं केलं आणि तिने रविवारीही हौसेने घातलेल्या नव्या गणवेशाच्या खांद्याची शिवण मास्तरांपुढे धरली.

“उसवा.”

“अगं, नवा आहे...”

“उसवा, मास्तर. आणि माप घ्या. तोंडाने सांगा तिला.”

मास्तरांनी ब्लेड घेतलं. टाके सरळ निघाले. आतून अस्तराची घडी बाहेर आली, बोटाएवढी. त्यांनी पट्टी लावली. आयुष्यात पहिल्यांदा ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर खरं बोलणार होते, आणि गिऱ्हाईक त्यांच्या कमरेएवढं होतं.

“उजवा खांदा,” ते म्हणाले. मग थांबले. मग म्हणाले, “अर्धा इंच वर आहे, बाळा.”

“माहितेय,” बटण म्हणाली.

“काय?”

“शाळेत फोटो काढायला आले होते ना, ते काका मला दोनदा म्हणाले, खांदा खाली कर. मी केलाच होता.”

“मग तू सांगितलं का नाहीस आम्हाला?” शिंपी तिच्यापुढे वाकला.

बटणने मास्तरांकडे पाहिलं, जरा घाबरतच, चुगली होईल म्हणून. “मास्तरांनी माप घेतलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, ते सांगायचं नसतं.”

मास्तर खुर्चीत बसले. पट्टी त्यांच्या हातातून गळून पडली आणि ती कुणी उचलली नाही. आठ वर्षांची पोर, आणि घराण्याचा धंदा तिला पुरता येत होता.

“सांगायचं असतं,” आई म्हणाली. ती बटणच्या मागे उभी होती, उसवलेल्या शिवणीवर हात ठेवून. “काही वाटलं, काही दिसलं, की सांगायचं. कुणाला काय वाटेल याचा विचार नाही करायचा. कळलं?”

“कुणाचंही?”

“कुणाचंही.”

बटणने जरा विचार केला. “आत्या बोलते तेव्हा थुंकी उडते. मामाच्या दांड्याला लटकलं की तिथे रंग निघतो, हात घाण होतात. बाबा आत्याला घाबरतो.”

“बरं, पुरे,” आत्या म्हणाल्या.

“आणि आई,” बटण म्हणाली, समोर भिंतीकडे बघत, “डॉक्टरकडून आल्यापासून तू माझ्याकडे मागूनच बघतेस.”

आईचा हात खांद्यावरच राहिला. तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, नाही अगं, असं कुठे, आणि ते तसंच गिळलं. कारण ते खरं होतं. चार दिवस ती या पोरीच्या मागे-मागे होती. आंघोळीनंतर मागून, जिना चढताना मागून, गृहपाठ करताना मागून. तिचं तोंड शेवटचं कधी पाहिलं ते तिला आठवेना.

ती वळसा घालून पुढे आली आणि बटणसमोर जमिनीवर बसली. पोरीचा वरचा एक दात पडला होता. कधी पडला, कुणास ठाऊक.

“हा कधी?” तिने विचारलं.

“गुरुवारी,” बटण म्हणाली, आणि तो कसा पडला ते पहिल्यापासून सांगायला लागली.